नोहाचा जलप्रलय शब्दशः वाचायचा का? (उत्पत्ती ६ ते ९)

रूथ_वाचते

प्रौढांच्या बायबल अभ्यासवर्गासाठी हा धागा काढते आहे. कथा सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालू. आठ माणसं, ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच असं तीन मजली तारू, आतूनबाहेरून डांबर, चाळीस दिवस पाऊस, कावळा आणि कबुतर, जैतुनाचं पान, वेदी, मेघातलं धनुष्य.

प्रश्न असा की हे घडलं तसं नोंदवलेलं वृत्त म्हणून वाचायचं, इराकातल्या एखाद्या मोठ्या पुराची आठवण म्हणून, की मुळातच वेगळ्या जातीचं लिखाण म्हणून? "श्रद्धा असेल तर विचारू नका" आणि "सगळं थोतांड" हे दोन्ही प्रतिसाद कृपया नकोत. वचन, आकडा, कारण द्या. वर्गात लोक खोदून विचारतात.

अक्षरश

शब्दशः वाचणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती बहुधा फारच तकलादू करून सांगितली जाते.

पहिलं म्हणजे हा मजकूर स्वतःला दृष्टांत म्हणवत नाही. दृष्टांतात तारखा नसतात. इथे नोहाच्या ६०० व्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या १७ व्या दिवशी पाणी सुटतं (७:११), सातव्या महिन्याच्या १७ व्या दिवशी तारू टेकतं (८:४), दहाव्याच्या पहिल्या दिवशी डोंगरमाथे दिसतात (८:५) आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या २७ व्या दिवशी जमीन कोरडी होते (८:१४). मधले १५० दिवस म्हणजे ३० दिवसांचे बरोबर पाच महिने. हिशेब जुळतो.

दुसरं, पाचव्या अध्यायातल्या वयांची बेरीज करून पाहा. मथुशलहाला १८७ व्या वर्षी लामेख झाला, लामेखाला १८२ व्या वर्षी नोहा, आणि नोहाच्या ६०० व्या वर्षी प्रलय. १८७ + १८२ + ६०० = ९६९. मथुशलहाचं एकूण आयुष्य ९६९ वर्षं. म्हणजे तो प्रलयाच्याच वर्षी वारला. असली चोख जुळणी नुसत्या गोष्टीत कोण करतं?

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार: यशया ५४:९, मत्तय २४:३७-३९, इब्री ११:७, पेत्राची दोन्ही पत्रं. प्रभू येशू स्वतः नोहाच्या दिवसांचा दाखला देतो. तो दाखला पोकळ मानायचा का?

जुना_करार

अक्षरश यांनी पाया चांगला घातला. आता वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. मराठी बायबल त्यासाठी सोयीचं आहे, कारण त्यात मूळ हिब्रूतली दोन नावं वेगळी ठेवली आहेत, 'देव' आणि 'परमेश्वर'.

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. निळ्याने ६:५-८, ७:१-५, १०, १२, २२-२३, ८:६, ८-१२, २०-२२ रंगवा. लाल रंगाने ६:९-२२, ७:६, ११, १३-१६ चा पूर्वार्ध, १८-२१, २४, ८:१, ३ चा उत्तरार्ध ते ५, १४-१९, ९:१-१७. मग आधी सलग निळं वाचा, नंतर सलग लाल.

निळ्यात 'परमेश्वर' आहे. त्याला वाईट वाटतं, त्याला होमाचा सुवास येतो. शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या, चाळीस दिवस पाऊस, कबुतर, शेवटी वेदी. लालमध्ये 'देव' आहे. मोजमापं, तारखा, प्रत्येक जातीची एकच जोडी, १५० दिवस, आकाशाची दारं आणि खोल जलाचे झरे एकदम फुटणं, शेवटी धनुष्य आणि करार. दोन्ही जवळजवळ स्वतंत्र कथा म्हणून उभ्या राहतात.

आता सात जोड्या की एक, याचं कारण बघा. लाल कथेच्या लेखकाच्या मते शुद्ध-अशुद्धाचे नियम आणि यज्ञ मोशेच्या काळात आले. त्यामुळे त्याच्याकडे नोहा यज्ञ करतच नाही आणि त्याला जादा पशू लागत नाहीत. निळ्यात शेवटी यज्ञ आहे. एकेकच जोडी असती तर यज्ञानंतर तो प्राणी जगातून संपला असता, म्हणून सात. दोन्ही आकडे आपापल्या कथेत अगदी बरोबर आहेत.

७:१६ सावकाश वाचा. एकाच वचनात 'देवाने' आज्ञा केल्याप्रमाणे प्राणी आत जातात आणि 'परमेश्वर' दार बंद करतो. शिवण तिथे दिसते.

प्रयोग कुठे अडतो तेही सांगतो. ७:८-९ मध्ये शुद्ध-अशुद्ध हा निळ्याचा शब्द आहे, पण नाव 'देव' आलं आहे. ७:१७ आणि कावळ्याचं ८:७ यांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. ही वचनं कोरी ठेवा. ओढूनताणून रंगवली की वर्गातला कुणीतरी पकडतो आणि मग सगळ्याच मांडणीवरचा विश्वास उडतो. फ्रान्समधल्या झाँ आस्त्रुक या वैद्याने १७५३ मध्ये नावांवरून हे वेगळेपण मांडलं, तेव्हापासून काम चालू आहे.

अक्षरश

पण ७, ७, ४०, १५० आणि मग उलट १५०, ४०, ७, ७ ही रचना? मध्यभागी ८:१, "देवाने नोहाची आठवण केली." दोन तुकडे चिकटवून असा आरसा कसा तयार होईल?

जुना_करार

संपादक फार कुशल होता म्हणून. दोन परंपरा गुंफताना त्याने एकही मोडली नाही, विसंगती पुसल्या नाहीत आणि वर स्वतःची बांधणी दिली. ज्याला नुसतं घटनांचं वृत्त हवं होतं त्याने सात की एक हे आधी ठरवून टाकलं असतं. त्याने दोन्ही ठेवले, यावरून त्याला काय जपायचं होतं ते कळतं.

मथुशलहाच्या बेरजेबद्दल: ती हिब्रू पाठात जुळते. ग्रीक अनुवादाच्या काही हस्तलिखितांत मथुशलहाला १६७ व्या वर्षी लामेख होतो आणि लामेखाला १८८ व्या वर्षी नोहा. १६७ + १८८ + ६०० = ९५५, आणि आयुष्य ९६९. म्हणजे मथुशलह प्रलयानंतर १४ वर्षं जगला, तेही तारवात नसताना! संत ऑगस्टीनलाही या १४ वर्षांनी अडवलं होतं. आदामापासून प्रलयापर्यंत हिब्रूत १६५६ वर्षं, ग्रीकमध्ये २२४२, शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या पाठात १३०७. शब्दशः वाचायचं म्हटलं की कोणता पाठ, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

इष्टिका

मातीच्या पाट्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

१८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथने निनवेच्या पाट्या वाचताना प्रलयाची कथा ओळखली. ती गिल्गमेश या बाबिली महाकाव्याची अकरावी पाटी. त्यात उत्नपिश्तिमला एआ देव सावध करतो, तो नाव बांधतो, डांबर लावतो, प्राणी आत घेतो, वादळ होतं, नाव डोंगरावर टेकते, तो कबुतर, मग पाकोळी, मग कावळा सोडतो आणि शेवटी यज्ञ करतो. पक्षी सोडण्याइतका बारीक तपशील जुळतो, तेव्हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. याहून जुनी अत्रहासिसची कथा. तिची प्रत इ.स.पू. १७ व्या शतकातली, राजा अम्मिसदुकाच्या काळातली आहे. सुमेरी भाषेत नायक झिउसुद्रा. प्रलयकथेचा एक तुकडा सीरियाच्या किनाऱ्यावर उगारितलाही मिळाला आणि गिल्गमेशचा एक तुकडा (प्रलयाचा भाग नव्हे) कनानातल्या मगिद्दोला. म्हणजे कथा त्या सगळ्या पट्ट्यात फिरत होती.

मापांकडे बघा. उत्नपिश्तिमची नाव १२० हात बाय १२० हात बाय १२० हात, चक्क घनाकृती. तळाचं क्षेत्रफळ १४,४०० चौरस हात. २०१४ मध्ये अर्व्हिंग फिंकेल यांनी प्रसिद्ध केलेल्या जुन्या बाबिली पाटीत नाव गोल आहे, टोपलीसारख्या विणीची, आणि क्षेत्रफळ एक 'इकू', म्हणजे तेच १४,४०० चौरस हात, आजचे ३,६०० चौरस मीटर. नोहाचं तारू ३०० गुणिले ५०, म्हणजे १५,०००. गोल, चौरस, लांबट असे आकार बदलत गेले, तळ जवळजवळ तेवढाच राहिला. शिवाय ६०० वर्षं, ३०० हात, ३० हात, १२० हात, सगळे आकडे ६० च्या घरातले. बाबिली गणित ६० च्या पटीत चालायचं. हे आकडे कुणी दोरी धरून मोजलेले नाहीत, ते परंपरेतून आलेले आहेत.

जाता जाता: फिंकेलच्या पाटीवरून गोल नावेची लहान प्रतिकृती केरळात बांधली होती. ती तरंगली, पण पाणी आत येत राहिलं आणि पंप लावावा लागला. मिळालेलं डांबर इराकी डांबराच्या तोडीचं नव्हतं.

पोथी_पंचांग

आपल्याकडच्या मनू आणि मत्स्याचं काय? तो पुरावा धरायचा का, की सगळ्या जगाला एकच प्रलय आठवतो?

इष्टिका

तसा धरता येत नाही. शतपथ ब्राह्मणात (१.८.१) मनूच्या हातात सकाळच्या हातपाय धुण्याच्या पाण्यात छोटा मासा येतो, मोठा होतो, नाव शिंगाला बांधून उत्तरेच्या पर्वतावर नेतो. मनू एकटा वाचतो. प्राण्यांच्या जोड्या नाहीत, पाप नाही, शिक्षा नाही, पक्षी सोडणं नाही. सप्तर्षी आणि बियाणं महाभारताच्या वनपर्वात येतं. नायक, नाव आणि डोंगर एवढंच सामाईक. नदीकाठी राहणाऱ्या कुठल्याही समाजाला पूर माहीत असतोच. पाट्या आणि उत्पत्ती यांच्यातली जवळीक याहून फार वेगळ्या दर्जाची आहे.

कातळकडा

पाण्याचा आणि दगडांचा हिशेब.

७:१९-२० प्रमाणे सगळे उंच डोंगर बुडून वर १५ हात पाणी. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. जमिनीचा फुगवटा वजा केला तरी सुमारे ४४० कोटी घनकिलोमीटर जादा पाणी लागतं. आजच्या सगळ्या महासागरांत मिळून सुमारे १३३ कोटी आहे. वातावरणातली सगळी वाफ एकदम पाडली तर जगभर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा थर होतो.

पावसाचा वेग: ८,८४९ मीटर भागिले ४० म्हणजे दिवसाला २२१ मीटर. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्याच्या २३४ पट, सलग चाळीस दिवस.

काळ: हिब्रू वंशावळीवरून आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने प्रलय इ.स.पू. २३४८ ला बसवला. गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्या सुमारे दोन शतकं आधीचा, आणि इजिप्तच्या राजवटी मध्ये खंड न पडता चालू. हडप्पा संस्कृतीचा भरभराटीचा काळ इ.स.पू. २६०० ते १९००, ऐन मध्ये. युरोपात ओक आणि पाइनच्या खोडांतल्या वार्षिक वलयांची सलग मालिका १२,००० वर्षांहून मागे जाते. अंटार्क्टिकाच्या बर्फात ८ लाख वर्षांचे थर आहेत आणि बर्फ पाण्यावर तरंगतो. एवढं पाणी चढतं तर ते थर उचकटले असते.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना तर पुरावा घाटरस्त्यात दिसतो. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे एकावर एक लाव्हाचे थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. कापलेल्या कड्यात काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल, मऊ पट्टा दिसतो. नखाने खरवडला तर भुगा होतो. तो लाव्हाचा वरचा भाग हवेत-पावसात कुजून झालेला आहे. म्हणजे एक थर निवला, उघड्यावर राहिला, त्याची माती होऊ लागली, मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती भाजली. मुंबईत वरळीकडे दोन लाव्हांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. गोड्या पाण्याचं डबकं, त्यात पिढ्यान्‌पिढ्या बेडूक, वर पुन्हा लाव्हा. हे सगळं एका वर्षात समुद्राखाली घडलं असं म्हणायला जागाच उरत नाही.

अक्षरश

शब्दशः वाचणारे एव्हरेस्ट आजच्या उंचीचा धरत नाहीत. स्तोत्र १०४:८ प्रमाणे डोंगर वर आले, दऱ्या खाली गेल्या. प्रलयापूर्वी डोंगर ठेंगणे होते, खंडं त्या वर्षात वेगाने सरकली, समुद्रतळ खचला आणि पाणी तिकडे गेलं. मग ४४० कोटींचा हिशेब लागू होत नाही. प्राणीही जाती धरून मोजत नाहीत, 'प्रकार' धरून मोजतात: मांजरवर्गाचा एक, कुत्रावर्गाचा एक. अमेरिकेतल्या सृष्टीवादी (उत्पत्तीचं वर्णन शब्दशः मानणाऱ्या) संस्थेचा अंदाज सुमारे १,४०० प्रकार आणि ७,००० पेक्षा कमी प्राणी. तेवढे मावतात.

कातळकडा

डोंगर ठेंगणे केले की पाण्याचा प्रश्न सुटतो आणि उष्णतेचा उभा राहतो. खंडं हजारो किलोमीटर एका वर्षात सरकवणं, सगळा समुद्रतळ नव्याने ओतणं, लाखो घनकिलोमीटर लाव्हा निववणं आणि कोट्यवधी वर्षांचा किरणोत्सर्ग त्याच वर्षात कोंबणं, यातून निघणाऱ्या उष्णतेने समुद्र उकळून गेला असता. सृष्टीवादी शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या 'रेट' या खडकांच्या वयाविषयीच्या प्रकल्पाने २००५ मध्ये मान्य केलं की या उष्णतेचं उत्तर त्यांच्याकडे नाही. त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं, याबद्दल मला आदर आहे.

'प्रकारां'चीही तीच गत. मांजरवर्गाच्या एका जोडीपासून सिंह, वाघ, चित्ता, बिबट्या, घरची मांजर अशा तीन डझनांहून अधिक जाती काही शतकांत निघायला हव्यात. उत्क्रांती नाकारायची आणि कुठल्याही जीवशास्त्रज्ञाने मागितली नसेल एवढी वेगवान उत्क्रांती मागायची, असं ते होतं.

गलबत

तारवाच्या बांधणीबद्दल थोडं. हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर १३५ मीटर लांब, २२.५ रुंद, १३.५ उंच. लांबी-रुंदीचं प्रमाण ६:१ हे जहाजाला शोभणारं आहे आणि सृष्टीवादी ते नेहमी दाखवतात. पण प्रमाण चांगलं असेल तर जहाज उलटत नाही, एवढंच. ते मोडणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही.

लाकडी जहाज लाटेवर वाकतं. लाटेचा माथा मध्यभागी आला की दोन्ही टोकं खाली लोंबतात, माथे टोकांना आले की मधला भाग खचतो. लांबी वाढेल तसा हा बाक झपाट्याने वाढतो. फळ्या एकमेकींवर घसरतात, सांधे उघडतात, त्यात भरलेला काथ्या आणि डांबर निघून येतं आणि पाणी शिरतं. लाकूड जाड करून हे थांबत नाही. सांधे अखंड राहत नाहीत, हे खरं दुखणं आहे. १९०९ मध्ये अमेरिकेत मेन राज्यात बांधलेलं 'वायोमिंग' हे सहा डोलकाठ्यांचं लाकडी जहाज, मुख्य कायेची लांबी सुमारे १०० मीटर. त्याला लोखंडी तिरक्या पट्ट्यांनी जखडलं होतं, तरी सतत पंप चालवावे लागत. १९२४ मध्ये वादळात सगळ्या खलाशांसकट बुडालं. तारू त्याहून ३५ मीटर लांब, पट्ट्या नाहीत, पंप नाही.

केंटकीत २०१६ मध्ये उघडलेलं १५५ मीटरचं तारू जमिनीवर आहे, ते तरंगत नाही. नेदरलँड्समधलं पूर्णाकृती तारू तरंगतं, पण खाली स्टीलचे बार्ज आहेत.

चाऱ्याचा एकच हिशेब देतो. मोठा हत्ती दिवसाला सुमारे १५० किलो खातो. जोडीला ३७० दिवस म्हणजे १११ टन. पिल्लं नेली म्हटलं तरी वर्षभरात ती वाढतात. आणि काम करायला माणसं आठ.

गंमत अशी की मजकुराच्या आतला हिशेब मात्र जहाज कळणाऱ्याचा आहे. डोंगरांवर पाणी १५ हात, तारवाची उंची ३० हात. अर्धं बुडालेलं तारू सर्वांत उंच डोंगरावरून निसटतं जातं, आणि पाणी ओसरायला लागताच टेकतं. लिहिणाऱ्याने हे मनात नीट बसवलं होतं.

दोआब

मग मधला मार्ग का नको? मोठा, पण स्थानिक पूर. उत्खनन करणाऱ्या वूली यांना १९२९ मध्ये दक्षिण इराकातल्या उर इथे तीन मीटरहून जाड स्वच्छ गाळ मिळाला. शुरुप्पाक या सुमेरी शहरातही पुराचा थर आहे आणि प्रलयाचा नायक तिथलाच. शिवाय 'सर्व पृथ्वी' हे शब्द बायबलमध्ये नेहमी अख्खा ग्रह सांगत नाहीत. ४१:५७ मध्ये सर्व पृथ्वीवरचे लोक योसेफाकडे धान्य घ्यायला येतात, त्यात कुणी चीनमधून आलं नव्हतं.

इष्टिका

उरचा थर शुरुप्पाकच्या थराहून कितीतरी जुना आहे. शुरुप्पाकचा सुमारे इ.स.पू. २९०० चा. किशचे थर आणखी वेगळ्या काळातले. उरच्या जवळच्या एरिडूत असा थरच नाही. तैग्रिस-युफ्रेटिस वसंतात फुगतात, पात्रं बदलतात, एक गाव बुडतं आणि शेजारचं राहतं. असे अनेक पूर झाले आणि त्यांतल्या एखाद्या मोठ्याची आठवण कथेत मुरली असेल, हे मला पटतं. काळ्या समुद्रात भूमध्याचं पाणी घुसल्याचा १९९७ चा सिद्धान्तही आहे, पण पाणी किती वेगाने चढलं यावरच भूशास्त्रज्ञांचं एकमत नाही. शिवाय ते पाणी चढून तिथेच राहिलं, ओसरलंच नाही.

अक्षरश

स्थानिक पुराला माझा विरोध दगडांमुळे नाही, वचनांमुळे आहे. ९:११ मध्ये देव शपथ देतो की पुन्हा असा जलप्रलय येणार नाही. तो स्थानिक होता तर शपथ दरवर्षी मोडते. आणि स्थानिक पुरासाठी १३५ मीटरचं तारू कशाला? आधी सांगितलं असतं तर नोहा कुटुंब घेऊन डोंगराकडे चालत गेला असता. पक्षी तर उडूनच गेले असते.

जुना_करार

इथे मी अक्षरश यांच्या बाजूने आहे. कथा जगबुडीचीच आहे. पहिल्या अध्यायात देव वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करतो, सातव्यात ती दोन्ही पाणी पुन्हा एक होतात. सृष्टी उसवली जाते आणि ८:१ मध्ये पाण्यावर वारा सुटून नव्याने सुरू होते. ती एका खोऱ्यात कोंबली की विज्ञानाच्या कसोटीला उतरणारं काहीतरी हाती लागतं, पण ती ही कथा राहत नाही. स्थानिक पुराची वाट मला सगळ्यांत कमजोर वाटते, कारण तिथे मजकूरही सुटतो आणि भूशास्त्राकडून मिळतं तेही थोडंच.

नवगाव

यहुदी परंपरेतला भाग जोडतो. 'नोआह' हा पाठ (६:९ ते ११:३२) सिनेगॉगमध्ये दरवर्षी सिम्हात तोरा (तोराचं वर्षभराचं वाचन पूर्ण झाल्याचा सण) झाल्यावर दुसऱ्या शब्बाथला येतो. टीका फार जुनी आणि मोकळी आहे.

तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात (झेवाहिम ११३), वाद आहे की प्रलय इस्राएलच्या भूमीवर आला का. रब्बी योहानान म्हणतात नाही, रेश लाकिश म्हणतात आला. पाणी सगळीकडे होतं का, हा प्रश्न विचारणं म्हणजे अश्रद्धा, असं त्या दोघांनाही वाटलं नाही. तेराव्या शतकात रांबान हे टीकाकार लिहितात की एवढे प्राणी अशा दहा तारवांतही मावले नसते. मावले तो चमत्कार. तरी तारू मोठं बांधायला सांगितलं ते चमत्कार थोडका वाटावा म्हणून.

राशी या मध्ययुगीन टीकाकाराने ६:९ वर दोन मतं दिली आहेत. नोहा 'आपल्या पिढीत' नीतिमान होता. काहींच्या मते ही स्तुती: असल्या पिढीतही तो चांगला राहिला. काहींच्या मते उणेपणा: अब्राहामाच्या पिढीत असता तर त्याची गणतीही झाली नसती. अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नासावरून दहावर आणतो. नोहा बुडणाऱ्यांसाठी एक शब्द बोलत नाही.

रूथ_वाचते

हे फार कामाचं आहे. पण वर्गात एक जण हमखास विचारणार: शब्दशः न वाचणं हे विज्ञानाच्या दबावाखाली केलेलं नवं खूळ नाही का? चर्चने पूर्वी असं कधी केलं होतं?

जुना_करार

तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताला अपेल्लेस नावाच्या आक्षेपकाच्या आक्षेपाला उत्तर द्यावं लागलं होतं, की एवढ्या तारवात चार हत्तीच मावतील. ओरिगेनने मापं मोठी धरून तारू वाचवलं आणि लगेच त्यातून आध्यात्मिक अर्थ काढला. ऑगस्टीनने दोन्ही धरले, घटनाही आणि ख्रिस्ताची खूणही. पण त्यानेच बजावलं की ज्या गोष्टी अख्रिस्ती माणसाला आकाश-पृथ्वीबद्दल अनुभवाने पक्क्या माहीत आहेत, त्यांविषयी शास्त्राचा आधार घेऊन काहीबाही बोलू नका. त्याने शास्त्राचीच नाचक्की होते.

आणि प्रलयाचा भूशास्त्रीय पुरावा नाही हे आधी कुणी म्हटलं? चर्चची दीक्षा घेतलेल्या माणसांनी. विल्यम बकलंडने १८२३ मध्ये गुहांतल्या हाडांवरून आणि गाळावरून प्रलय सिद्ध करणारा मोठा ग्रंथ लिहिला, आणि १८३६ मध्ये ती भूमिका स्वतःच सोडली. ॲडम सेजविकने १८३१ मध्ये लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष म्हणून जाहीरपणे तेच केलं. डार्विनचा ग्रंथ यायला अजून २८ वर्षं होती. आजचं 'प्रलय भूशास्त्र' त्याहून नवं आहे. ते विसाव्या शतकात अमेरिकेत उभं राहिलं आणि १९६१ नंतर पसरलं. कॅथलिक बाजूला १९४३ पासून रोमच अभ्यासकांना सांगत आलं आहे की लेखनाचा प्रकार आधी ओळखा.

अक्षरश

बकलंड आणि सेजविक यांचं मान्य. भूशास्त्राच्या प्रश्नांना माझ्याकडे पुरी उत्तरं नाहीत, ते प्रश्नही बाजूला ठेवतो. पण पेत्र आणि प्रभूचे शब्द राहतात.

जुना_करार

राहतात, आणि त्यांना हात लावायची गरज नाही. मत्तय २४ मध्ये मुद्दा पाण्याच्या उंचीचा नाही. लोक खातपीत होते, लग्नं करत होते आणि त्यांना कळलं नाही, हा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:२०-२१) प्रलय हा बाप्तिस्म्याचा नमुना आहे. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्यांना कथा पाठ आहे आणि वक्ता तिच्यातून पुढचं सांगतो आहे.

रूथताई, वर्गात सर्वांत जास्त वेळ ६:५ आणि ८:२१ शेजारी ठेवून वाचण्यात घालवा. ६:५ मध्ये मानवाच्या मनातल्या कल्पना एकसारख्या वाईट, म्हणून नाश. ८:२१ मध्ये मानवाच्या मनातल्या कल्पना बाळपणापासून वाईट, तरी पुन्हा नाश नाही. निदान तेच, निर्णय उलटा. प्रलयाने माणूस सुधारला नाही. बदल झाला तो देवाच्या वागण्यात, आणि तो त्याने स्वतःवर बांधून घेतला.

याशेजारी अत्रहासिस ठेवा. तिथे प्रलयाचं कारण माणसांचा गोंगाट, एन्लिल देवाला झोप लागत नाही. इथे कारण जुलूम, पृथ्वी हिंसेने भरली (६:११). तिथे यज्ञाच्या धुराभोवती उपाशी देव माश्यांसारखे गोळा होतात. इथे भूक नाही. तिथे प्रलयानंतर माणसं वाढू नयेत म्हणून वांझपण आणि बालमृत्यू नेमून दिले जातात. इथे ९:१ मध्ये उलट सांगितलं जातं की फलद्रूप व्हा, वाढा. बाबेलच्या बंदिवासात, इ.स.पू. सहाव्या शतकात, हरलेल्या लोकांनी जेत्यांची कथा घेऊन तिच्यात हे बदल केले. लाल कथा तिथली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. लेखकाने काय बदललं तिथेच त्याचं म्हणणं आहे, आणि ते मी शब्द न शब्द खरं मानतो.

रूथ_वाचते

रविवारशाळेच्या मुलांना? ती विचारतात, बुडालेल्या बाळांचं काय.

नवगाव

लहानांना ओळीने हसरे प्राणी दाखवून तो प्रश्न झाकू नका. विचारलं तर सांगा की हा प्रश्न खरा आहे आणि मोठमोठ्या रब्बींनीही नोहाला याबद्दल जाब विचारला आहे. तालमुदात एक कथा आहे की तांबड्या समुद्रात मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा देवाने त्यांना थांबवलं: माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता? मुलांना हे पटकन कळतं.

जुना_करार

एक शेवटची सूचना. बहुतेक वर्ग ९:१७ ला, धनुष्यावर थांबतात. ९:१८-२७ गाळू नका, त्याला पूर्ण एक बैठक द्या.

नवगाव म्हणाले ते बरोबर आहे. संपूर्ण प्रलयकथेत नोहा एकदाही बोलत नाही. त्याच्या तोंडचे पहिले शब्द ९:२५ मध्ये येतात, द्राक्षारसाच्या नशेतून उठल्यावर, आणि तो शाप आहे. या शापाचा शब्दशः आधार घेऊन अमेरिकेत आफ्रिकी लोकांच्या गुलामीचं समर्थन झालं, धर्मपीठांवरून. मजकूर बघा. अपराध हामाचा, पण शाप त्याच्या कनान या मुलाला. हामाचे इतर मुलगे कूश, मिस्राईम आणि पूट यांना शापात स्पर्शही नाही, आणि आफ्रिकेशी जोडली जातात ती नावं हीच. शाप देतो तो नोहा, देव नव्हे. 'हामाचा शाप' असं म्हणणाऱ्यांनी ते वचनसुद्धा शब्दशः वाचलं नव्हतं. वर्गात आधी सगळ्यांना पुस्तक मिटून विचारा की शाप कोणाला दिला, आणि मग ९:२५ उघडायला सांगा.